झाडाने वर नेलेलं पाणी

आमच्या खोऱ्यात पूर ओसरला की लोक आधी चिखल काढत नाहीत. आधी खोऱ्यातलं सगळ्यात म्हातारं माणूस हुडकून काढतात, नदीकाठच्या मोठ्या सिकमोरच्या झाडाला शिडी लावतात, म्हाताऱ्याच्या हातात हातोडा देतात आणि बुंध्यावर गाळाची रेघ जिथवर उठली असेल तिथे रेल्वेरुळाचा एक जाड खिळा ठोकायला लावतात. दोघे शिडी धरतात, तिसरा म्हाताऱ्याची विजार धरतो. मग बायका बीन्सचं पातेलं आणि मक्याचा पाव उघडतात, आणि सगळे ओल्या गवतात उभ्यानेच जेवतात.

लिटल सॉल्ट नदीने मारली नसतील इतकी माणसं त्या शिडीने मारली, असं मी पाहुण्यांना सांगायचो. ते खोटं. तेव्हा झाडावर नऊ खिळे होते, हे मात्र खरं. आठ खिळे कमरेच्या आणि छातीच्या उंचीला घोळका करून आहेत; तिथेही शिडी लावतात, ती रीत म्हणून. नववा एकोणीसशे पंधरा सालचा. तो एकटाच वर होता, दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढली तर हाताला लागेल इतका वर.

आमच्या प्रुएट काउंटीच्या जत्रेत दर सप्टेंबरला थापा मारण्याची स्पर्धा होते. डुकरांच्या स्पर्धेचा निवाडा झाला की ती लागते, आणि डुकरांपेक्षा आमच्याकडे गर्दी जास्त असते. मी, डेलमर हॅकलर, ती अकरा वेळा जिंकलोय. चार वर्षांपूर्वी मंचावर चढलो तेव्हा डोक्यात काहीच नव्हतं. समोर पहिल्या रांगेत माझा मित्र लॉयल गेंट्री बसला होता, आणि त्याच्या टोपीवर कुठल्यातरी नर्सरीचं झाड छापलेलं होतं. तेवढ्यावरून सुचलं.

मी म्हणालो, "मंडळी, पंधरा सालचा खिळा बघून घाबरू नका. माझ्या आजोबांनी तो स्वतः ठोकलाय. गुडघाभर पाणी होतं, खिळा ठोकायला ते खाली बसले होते! आता झाड म्हटलं की ते वाढणारच. शंभर वर्षं ते खिळ्याला कडेवर घेऊन वर चाललंय. अजून पन्नास वर्षांनी खिळा शेंड्याला पोचेल, आणि विमावाले गरुडाच्या घरट्याला पुराचा विमा विकायला शिडी लावतील."

पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली. लोक इतके हसले की एका बाईची कवळी लिंबू सरबतात पडली.

आता खरं सांगतो. झाड शेंड्याला वाढतं. बुंध्यात ठोकलेला खिळा आहे तिथेच राहतो, फार तर साल त्याला गिळत जाते. माझा बाप जन्मभर लाकूड तोडत होता, मला हे चालायला लागायच्या आधीपासून माहीत आहे. पण ती थाप होती फार गुळगुळीत. कुठे टोचत नव्हती. पुढच्या आठवड्यात पशुखाद्याच्या दुकानात कॉफी पिताना लॉयलनेच ती मला परत सांगितली. हसून नाही, मान हलवून.

"तू गंमत केलीस डेलमर, पण बोललास बरोबर. मी विचार केला त्याच्यावर. झाड वाढतंच ना?"

"वाढतं," मी म्हणालो. आणि डोळा मारला. तो त्याने पाहिला नाही.

लॉयल काउंटीचे रस्ते सपाट करणारं ग्रेडर यंत्र चाळीस वर्षं चालवून निवृत्त झालेला माणूस. घर त्याने स्वतःच्या हातांनी बांधलं, नदीपासून तीनशे पावलांवर, सपाट, काळ्या मातीवर. बँकेचा एक खिळाही त्या घरात नव्हता, हा त्याचा अभिमान. त्याची बायको ओपल शाळेच्या स्वयंपाकघरात होती. खोऱ्यातली निम्मी पोरं तिच्या हातचं खाऊन मोठी झालीत. त्या दोघांकडे ते घर सोडलं तर एक जुना ट्रक आणि तिच्या आईचा पियानो. मुलगी दूर टल्साला.

पुढच्या वसंतात नवे पूरनकाशे आले. शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. सभा घेतली टॅमी क्राउचने. ती काउंटीची पूर-अधिकारी, कुत्र्यांचे परवानेही तीच देते, आणि सगळ्या म्हाताऱ्यांना काका म्हणते. भिंतीवर नकाशा लावलेला, नदीच्या दोन्ही बाजूंना निळा रंग. त्या निळ्यात लॉयलचं घर पूर्ण बुडालेलं.

टॅमी म्हणाली, "हे शंभर वर्षांच्या पुराचं क्षेत्र आहे. म्हणजे शंभर वर्षांनी एकदा येतो असं नाही हं. दरवर्षी डब्यात शंभर चिठ्ठ्या, त्यातली एक पुराची. निघाली तरी परत डब्यात टाकायची. तीस वर्षं त्या निळ्यात राहिलात तर चार घरांतल्या एकात तरी पाणी आत येणार."

"पंधरा साली आला होता," मागून कुणीतरी ओरडलं. "म्हणजे पुढचा शंभर वर्षांनी यायला हवा होता. पत्ता चुकला वाटतं बिचाऱ्याचा!"

हशा. टॅमीही हसली, पण नुसत्या दातांनी. "आणि घराचा जो विमा तुमच्याकडे आहे ना, तो आगीचा, वाऱ्याचा, गारांचा. जमिनीवरून आत आलेल्या पाण्याचा नाही. त्याचा वेगळा घ्यावा लागतो. ज्यांच्यावर कर्ज आहे त्यांना बँक घ्यायला लावेल. ज्यांच्यावर नाही, त्यांना कुणीच लावणार नाही. मला खरी काळजी त्यांची आहे. लॉयलकाका, तुमचीच."

लॉयल उठला. टोपी काढली. "टॅमी बेटा, तू हे सगळं त्या पंधरा सालच्या खिळ्यावरून काढलंस ना?"

"इतरही आहे, पण खिळाही मोजलाय."

"मग झाडाची वाढ वजा केलीस का?"

हॉलमध्ये चार-पाच माना हलल्या. मग वीस-पंचवीस.  टॅमीने माझ्याकडे पाहिलं, कारण थाप कुणाची ते तिलाही माहीत होतं. मला त्या वेळी उठून दोन शब्द बोलायचे होते. मी उठलोही. आणि सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले, तयार, ओठ आधीच फाकलेले. मी काय करावं?

"वर्षाला दीड इंच," मी म्हणालो. "मी पट्टीने मोजलंय. लीप वर्षात दोन."

छप्पर उडायचं बाकी राहिलं. लॉयलही हसला, पण त्याने खिशातून पेन्सिल काढून तळहातावर दीड इंच लिहून घेतलं. ते मी पाहिलं.

त्यानंतर दीडेक वर्ष काहीच झालं नाही. नदी ऑगस्टमध्ये इतकी आटली की मासे पलीकडे जायचे तर चालत जायचे. थापेला तेवढंच खतपाणी.

मग एका सकाळी टॅमी माझ्या दारात. गाडीत तिपाई आणि दुर्बीण.

"चला डेलमरकाका. एक गोष्ट दाखवते."

"बाई, मी एक्याऐंशी वर्षांचा आहे. मला आता कुणी काही दाखवत नाही."

"गप्प बसा आणि बसा गाडीत."

नदीकाठच्या चढावर तिने तिपाई लावली, खालीवर करून दुर्बीण बरोबर पंधरा सालच्या खिळ्याच्या उंचीला आणली. मला आधी खिळा दाखवला. काचेत एक बारीक आडवी रेघ, ती खिळ्याच्या डोक्यावरून गेलेली. मग तिने दुर्बीण तशीच, उंची न बदलता, लॉयलच्या घराकडे फिरवली.

"आता बघा."

स्वयंपाकघराची खिडकी दिसली. ओपल सिंकपाशी उभी राहून कप विसळत होती, काहीतरी गुणगुणत असावी, कारण डोकं हलत होतं. ती आडवी रेघ तिच्या गळ्यावरून गेली होती.

मी काच बाहीने पुसून परत पाहिलं. रेघ तिथेच होती.

"सांगा त्यांना," टॅमी म्हणाली. "माझं ऐकत नाहीत. मी सरकारची."

त्याच दुपारी गेलो. लॉयल पोर्चवर बसून गळ गुंडाळत होता.

"लॉयल, झाडाची ती गोष्ट खोटी आहे. मी बनवलेली आहे."

"हं."

"अरे हं काय? खिळा वर गेलेला नाही. पाणीच तेवढं आलं होतं. विमा घे."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूहळू त्याचा चेहरा उजळला. "ही नवीन आहे! म्हणजे थाप मारायची, आणि मग ती थाप होती अशी थाप मारायची. यंदा जत्रेत हीच सांग. फीत तुझीच."

"जत्रा गेली खड्ड्यात! माझ्या बापाने लावलेली काटेरी तार बघ माझ्या कुंपणाच्या ओकला. साठ वर्षं झाली. गुडघ्याला होती, गुडघ्यालाच आहे. चल दाखवतो."

तो आला, मी त्याला तार दाखवली. साल तिला गिळून बसलेली, गुडघ्याच्या उंचीला. लॉयल वाकला, तारेला हात लावला, बाकीच्या खांबांकडे बघितलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "दोन्हीकडून खांबांनी ओढून धरलीय ना. वर जाणार कशी? मोकळा खिळा वेगळा."

मी पशुखाद्याच्या दुकानात सांगितलं. चर्चमध्ये सांगितलं, पाद्रीबाबांसमोर, बायबलवर हात ठेवून. पाद्रीबाबा पोट धरून बाकावर बसले. मी जितका चिडायचो तितके लोक खूश व्हायचे. पन्नास वर्षं मी त्या खोऱ्याला माझा चेहरा बघून हसायला शिकवलं होतं. आता चेहरा बदलून मिळत नव्हता.

शेवटी काम केलं ते ओपलने. तिने मला एकटीने स्वयंपाकघरात विचारलं, "खरं सांग. इथे पाणी कुठवर?" मी तिच्या गळ्याकडे बोट दाखवलं. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने लॉयलला टेकडीवरच्या बीचच्या झाडाकडे नेलं आणि मलाही बरोबर घेतलं. त्या झाडावर लॉयलने एकोणिसाव्या वर्षी दोघांच्या नावांची अक्षरं कोरली होती, बरोबर स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला. हे तो लग्नापासून सगळ्यांना सांगत आलाय.

लॉयल झाडाला नाक लावून उभा राहिला. अक्षरं त्याच्या कपाळावर आली.

"बघ!" तो ओरडला. "दोन इंच वर गेलीत!"

"डॉक्टरने गेल्या महिन्यात तुझी उंची मोजली," ओपल म्हणाली. "किती भरली?"

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

"सांग की. दोन इंच कमी भरली. झाड कुठे गेलं नाही रे म्हाताऱ्या. तू खुजा झालायस."

मला हसू यायला हवं होतं. लॉयलने कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग टोपी घातली आणि म्हणाला, "डेनिस किती वाजेपर्यंत असतो?"

डेनिस फोर्टनरचं दुकान पुढून विम्याचं आणि मागून गळाला लावायच्या गांडुळांचं. त्याने सगळे कागद भरले, टॅमीने दिलेलं घराच्या उंचीचं प्रमाणपत्र जोडलं, लॉयलने सही केली.

"आजपासून लागू ना?" ओपलने विचारलं.

डेनिसने पेन खाली ठेवलं. "नाही ओपल. तीस दिवस थांबावं लागतं. नाहीतर लोक आभाळ भरलं की विमा घेतील आणि ओसरलं की सोडतील. आज चार मार्च. तीन एप्रिलपासून लागू." मग तो जरा घुटमळला. "नवीन नकाशा आल्यावर तेरा महिन्यांच्या आत आला असता, तर दुसऱ्या दिवसापासून लागू झाला असता. पण ते तेरा महिने कधीच उलटले."

तेरा महिने. मी त्यात काय काय केलं ते आठवत बसलो. लीप वर्षाचे दोन इंच आठवले.

"तीस दिवस काय," लॉयल म्हणाला. "पन्नास वर्षं थांबलं पाणी."

त्याने फ्रिजवर कॅलेंडर लावलं आणि रोज सकाळी कॉफीआधी एक चौकट खोडायला लागला. मी रोज जायचो. हवामानाबद्दल आम्ही बोलत नव्हतो. ते आजाऱ्यासमोर आजाराचं नाव न काढण्यासारखं झालं होतं. विसाव्या दिवशी वरच्या डोंगरांत पाऊस लागला. आमच्याकडे ऊन, आणि नदी मात्र चहाच्या रंगाची. तेविसाव्या दिवशी आमच्याकडेही लागला.

चोविसाव्या दिवशी लॉयलने डेनिसला फोन केला. मी समोर होतो.

"डेनिस, मी सगळा हप्ता भरलाय. पूर्ण. हो ना? ... हो, माहीत आहे मला तारीख. मी एवढंच विचारतोय की कुणाशी बोलता येईल का... नाही, तुझा दोष नाही म्हणतोय मी... बरं. बरं बाबा. गांडुळं वर उचलून ठेव तू."

फोन ठेवल्यावर त्याने कॅलेंडर हातात घेतलं आणि उरलेले चौकोन बोटाने मोजले. मोजून परत मोजले, जणू दुसऱ्यांदा एखादा कमी निघेल.

पंचविसाव्या दिवशी सकाळी टॅमी घरोघर फिरली. आम्ही ट्रकमध्ये जे चढेल ते चढवलं: गाद्या, फोटो, ओपलची शिवणयंत्रं दोन. पियानोसाठी चार माणसं लागली असती. आम्ही होतो दोन म्हातारे आणि ओपल. आम्ही तो तीन वेळा उचलायचा प्रयत्न केला, तिसऱ्या वेळी माझ्या पाठीतून काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला आणि लॉयल म्हणाला, "सोड." मग त्याने पियानोच्या पायांखाली विटा घातल्या. चार विटा. पुढच्या दाराच्या फटीला त्याने चिकटपट्टी लावली, बाहेरून, अंगठ्याने नीट दाबून. मी पाहत होतो आणि मला त्याला थांबवता येत नव्हतं.

दुपारी आम्ही चर्चच्या आवारातून पाहिलं. तिथून खोरं पूर्ण दिसतं. खोऱ्यातली बरीच माणसं होती. पाणी लाटेसारखं येत नाही. ते शेतातून चालत येतं, जणू त्याला कुठली घाई नाही. आधी अंगण नाहीसं झालं, मग पायऱ्या एक एक करून, मग पोर्च. मग ते दाराशी थांबल्यासारखं वाटलं, आणि लॉयलने श्वास रोखला; मला वाटतं चिकटपट्टीचा त्यालाही क्षणभर भरवसा वाटला. मग दार आत गेलं.

"पियानो," ओपल म्हणाली. एवढंच.

खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत पाणी आलं. पंधरा सालच्या खिळ्याच्या दोन फूट खाली थांबलं, असं टॅमीने नंतर मोजलं. म्हणजे ते पंधरा सालचं पाणीही नव्हतं. त्याहून कमीच होतं.

तीन दिवसांनी ते ओसरलं. घर उभं होतं, पण आतली लाकडी जमीन फुगून लाटांसारखी झालेली, भिंतींना हात लावला की बोट आत जात होतं. तीन एप्रिलला सकाळी डेनिस स्वतः आला, चिखलात बूट बुडवत, विम्याचा कागद घेऊन. आजपासून लागू झाला हे सांगायला. त्याला काय करावं तेच कळत नव्हतं, आणि लॉयलने त्याच्याकडून कागद घेऊन, "थँक यू डेनिस," म्हणून, तो शर्टच्या खिशात ठेवला.

सरकारी मदतीचा तंबू शाळेच्या मैदानावर लागला. खुर्च्यांची रांग, टेबलाशी दुसऱ्या राज्यातून आलेली एक बाई, तीन दिवस न झोपल्यासारखी. लॉयल आणि ओपल बसले, मी मागे उभा.

"पुराचा विमा आहे?" तिने विचारलं.

"आहे," लॉयल म्हणाला.

"पूर आला त्या दिवशी लागू होता?"

"नाही. पाच दिवसांनी झाला."

तिने मान वर केली. "अरेरे. मग आधी का नाही घेतला? हे लिहावं लागत नाही, मी आपलं विचारतेय."

"माझ्यामुळे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली. मी सांगितलं. जत्रा सांगितली, झाड सांगितलं, आजोबा खाली बसून खिळा ठोकतात ते सांगितलं, वर्षाला दीड इंच सांगितलं. मी ते अगदी सरळ, एक शब्द न वाढवता सांगितलं. आमच्या मागे रांगेत कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरं. आठवडाभर त्या मैदानावर कुणी हसलं नव्हतं, आता ते थांबवता येईना त्यांना. टेबलामागची बाईही तोंडावर हात धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"तुम्ही डेलमर का?" ती म्हणाली. "मला सकाळीच सांगितलं कुणीतरी, तुम्ही याल म्हणून."

"बाई, मी खरं बोलतोय."

"हो, हो," ती डोळे पुसत म्हणाली.

लॉयल मात्र हसत नव्हता. त्याने मागे न बघता माझ्या मनगटावर हात ठेवला. "बस कर, डेलमर. त्यांना कामं आहेत." मग तिला म्हणाला, "लिहायचंच असेल तर राहून गेलं म्हणून लिहा."

तिने काहीच लिहिलं नाही. पुढचा रकाना वाचला. "सध्या राहायला कुठे आहात?"

लॉयलने ओपलकडे पाहिलं. ओपलने माझ्याकडे बोट केलं.

"याच्याकडे," ती म्हणाली.

"आणि किती दिवस?"

"लागतील तितके," मी म्हणालो. ते तिने लिहून घेतलं.